कुसळ

बॉयसीच्या पाठच्या टेकड्यांवर पहिल्यांदा गेले
तेव्हा वाटलं, इथे काहीच नाही.
राखाडी, गुडघाभर, विस्कटलेली झुडपं
मैलोन्‌मैल,
कुणीतरी झाडायचं राहून गेल्यासारखी.
मग जाता जाता पाला चुरगळला बोटांत
आणि तिथेच उभी राहिले.
दवणा!
चैत्रात जोतिबाला वाहतात तो नव्हे,
पण त्याच्याच गोतातला कुणी थोरला चुलता,
बर्फात राहून राहून अबोल झालेला.

सेजब्रश, लोर्ना एचेबेरी म्हणाली.
तिचे आजोबा बास्क देशातून एका पेटीनिशी आले,
याच उतारांवर मेंढरं राखली.
"मूळचं गवत मेंढरांनी खाल्लं,
मोकळ्या जागेत दुसरं शिरलं."
हे ती आजोबांवर राग न धरता सांगते,
आणि त्यांना सोडतही नाही.

ते दुसरं म्हणजे चीटग्रास.
धान्याच्या पोत्यांतून, समुद्रापलीकडून आलेलं.
सगळ्यांच्या आधी उगवतं,
सगळ्यांचं पाणी पिऊन घेतं,
जूनमध्ये जांभळं होऊन मरतं
आणि मेल्यावर कामाला लागतं.
गेल्याच्या गेल्या ऑगस्टात
कुणाच्या ट्रेलरची साखळी रस्त्याला घासत गेली,
चालकाला पत्ताही नाही.
एका रात्रीत सहा हजार एकर.

गवताला काय, पुढच्या वर्षी पुन्हा हिरवं.
सेजब्रश बुडख्यातून फुटत नाही,
जळलं की जळलं.
पूर्वी आग माणसाच्या जन्मात एकदा यायची,
आता घर माहीत झालेल्या पाहुण्यासारखी येते,
न कळवता.

"बाहेरून आलेलं" असं कुणी म्हणालं
की मी थर्मासचं झाकण उगाच घट्ट करत बसते.
माझे व्हिसाचे कागद त्याच आठवड्यात गेले होते.
लोर्ना बिस्किटांचा पुडा पुढे करते,
काही बोलत नाही.

मोज्यांतून कुसळं निघत नाहीत.
वॉशिंग मशीनमध्ये ती टॉवेलला लागतात,
टॉवेलमधून मानेला.
एका रविवारी चिमटा घेऊन बसले,
एका मोज्यात त्रेसष्ट.
मोजता मोजता हात थांबला:
हेच मोजे घालून मी परवा
न जळलेल्या खोऱ्यात फिरून आले होते,
जिथे अजून माळकोंबडे
पहाटे छाती फुगवून नाचतात.
दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणे!
माझं मुसळ मोज्यात होतं.

तेव्हापासून गाडीत एक जुना ब्रश असतो.
वर जाण्याआधी बूट झाडते,
खाली आल्यावर पुन्हा.
बघणाऱ्याला वाटेल, देवळात चाललेय.

नोव्हेंबरात बी.
फांदी वाकवायची, पिशवीत झटकायची;
याच्यापुढे तीळ म्हणजे भोपळा.
लोर्ना चाळते, पाकिटावर टेकडीचं नाव लिहिते,
ज्या टेकडीचं बी, त्याच टेकडीला.
पुढच्या ऑक्टोबरात बोटाएवढी रोपं:
जमिनीत फट पाडा, रोप सोडा,
टाचेने माती दाबा,
भोवतीचं चीटग्रास हातभर उपटून काढा.
माझी दोनशे. प्रत्येकाशेजारी निळं निशाण.

या जूनमध्ये मोजायला गेलो.
अकरा.
"चांगलं आहे," लोर्ना म्हणाली.
मला वाटलं, समजूत घालतेय,
पण ती वहीत आकडा लिहून
पुढच्या ओळीत निघूनही गेली होती, वाकलेली.

परतताना एका निशाणापाशी
मेलेली म्हणून सोडलेली काडी.
नखाने खरवडली.
आत हिरवं.
बोटांना तोच वास.
"लिही, बारा!" मी ओरडले, मराठीतच.
वाऱ्यातून तिला काय ऐकू गेलं कोण जाणे,
तिने हात वर केला
आणि मग, खाली बघून,
आपल्या मोज्यातलं काहीतरी उपटलं.